टाकीवरची तापीमाई

नवरात्राची सुट्टी लागली आणि मी जळगावहून बुऱ्हाणपूरला फटफटीवर निघालो. आळीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांनी माझ्या बायकोचं आगाऊ सांत्वन करून ठेवलं होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. ही गाडी सुरू झाली की सगळ्या आळीला कळत असे, आणि बंद पडली की सगळी आळी ढकलायला येत असे.

संस्थानं विलीन होण्याचे ते दिवस होते. वर्तमानपत्रात आज या राजानं सही केली, उद्या त्या राजानं, आणि मागोमाग त्यांच्या झुंबरांचे, मोटारींचे, घोड्यांच्या साजाचे लिलाव. आमच्या बाजूच्या अशाच एका चिमुकल्या संस्थानाच्या लिलावात ही मोटारसायकल माझ्या गळ्यात पडली. मी शाळेत चित्रकला शिकवतो. यंत्रातलं मला ओ का ठो कळत नाही. मी भाळलो तो टाकीवरच्या चित्रावर.

गाडी विलायतेची. ज्या कंपनीनं ती केली ती कंपनी केव्हाच बुडालेली. पण टाकीवर इंग्रजी अक्षरांत नाव काय, तर 'नवमी'! त्या नावाच्या वर हाताच्या पंजाएवढं चित्र: कमरेवर कलती घागर घेतलेली, लुगडं नेसलेली बाई, तिच्यामागे उगवता सूर्य, घागरीतून पडणाऱ्या पाण्याची पायाशी झालेली नदी. आकाशात पाच लाल ठिपके. गाडीबरोबर कंपनीची एक मोठी जाहिरातही मिळाली होती, दुकानाच्या भिंतीवर लावायची. तिच्यात तीच बाई मोठी करून काढलेली, आणि तिच्या नदीच्या लाटेवरून ही मोटारसायकल दौडत येते आहे. साहेबानं आपल्या गाडीला नवमी हे नाव का ठेवावं आणि तिच्यावर नथ घातलेली बाई का बसवावी, हे कोडं मी वर्षभर ज्याला त्याला घातलं. रामनवमीशी काहीतरी संबंध असावा, असं माझं मत. पाच ठिपके म्हणजे तारे, असंही मी मुलांना ठोकून दिलं होतं.

कोडं हललं ते मालतीमुळे, म्हणजे माझ्या बायकोमुळे. तिनं आईचं जुनं बुऱ्हाणपुरी जरीचं लुगडं उन्हात टाकायला काढलं, तर घडीत टाचलेली कागदी छाप खाली पडली. तिच्यावर तीच बाई, तोच सूर्य, तीच घागर. खाली दुकानाचं नाव आणि 'इतवारा, बुऱ्हाणपूर'.

"पण ही बाई शहाणी आहे," मालती म्हणाली. "हिचा पदर डाव्या खांद्यावर आहे. तुमच्या गाडीवरची उजव्या खांद्यावर घेते, आणि नथसुद्धा उजव्या नाकपुडीत. इतकं आहे तर जाऊन विचारून या. निदान आठवडाभर घर तरी शांत राहील."

भुसावळ मागे पडलं, एदलाबाद मागे पडलं. पाऊस नुकताच उघडला होता. कपाशीला बोंडं धरली होती आणि रस्त्याच्या कडेची माणसं माझा आवाज ऐकून आधीच बैल धरून उभी राहत होती. इच्छापूरच्या टेकडीखाली थांबून देवीला खालूनच नमस्कार केला. पायऱ्या चढायला गेलो असतो तर गाडी गार झाली असती, आणि गार झालेली गाडी मला पुन्हा ओळख दाखवत नसे. देवीनं समजून घेतलं असावं, कारण तापी ओलांडेपर्यंत सगळं सुरळीत चाललं.

पलीकडे गेल्यावर मात्र मी रस्ता चुकलो. शहराऐवजी बहादरपूरच्या केळीच्या बागांमध्ये शिरलो आणि तिथं गाडीची साखळी तुटली. दोन्ही बाजूंना केळीची दाट हिरवी भिंत, मध्ये चिखलाची वाट. एक शेतकरी केळीचे घड भरलेली बैलगाडी घेऊन आला. त्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या कपड्यांकडे.

"कुठून येऊ राह्यले भाऊ?"

"जळगावहून."

"हिच्यावर?" तो खाली उतरला. "डरू नका. मी बुऱ्हाणपूरलेच जाऊ राह्यलो. दोर बांधू, बैल खेचतील. ह्या फटफटीले चारा नाही लागत, एवढंच तिचं चांगलं."

असा मी बुऱ्हाणपुरात शिरलो. पुढे बैलगाडी, मागे दोराला बांधलेली विलायती मोटारसायकल, तिच्यावर हँडल धरून बसलेला मी आणि माझ्या मांडीवर त्यानं बळेच दिलेली केळ्यांची फणी. वेशीच्या दरवाजातून आत जाताना जकातनाक्यावरचा शिपाई इतका हसला की आमच्याकडून काही मागायचंच विसरला. त्या शेतकऱ्याला इतवाऱ्याच्या चौकात मी चहा घ्या म्हणालो, तर तो म्हणाला, "बैल उभे हायेत," आणि निघून गेला. त्याचं नावही विचारलं नाही मी. आजही केळं सोलताना तो आठवतो.

चौकातल्या एका हॉटेलापुढे गाडी उभी केली. लोक जमले. गाडी पाहायला जमतातच, त्यात नवल नव्हतं. पण इथे वेगळंच घडलं. पुढचा एकजण टाकीवरच्या चित्राकडे वाकला, आणि एकदम सरळ झाला.

"ही तर तापीमाई! गोकुळशेठची छाप!"

"बिकाऊची करणी," मागून कुणीतरी म्हणालं. "लोक झूठ नव्हते बोलत. आता पुरावाच आला, बघा."

मला वाटलं होतं, चित्राचं मूळ सापडलं म्हणून लोक हरखतील. इथे तर माणसं तोंडं वाकडी करून पांगू लागली. हॉटेलवाल्यानं मला आत बसवलं, पुढ्यात मांडे (उलट्या कढईवर भाजलेली रुमालाएवढी पातळ पोळी) आणि तिखट रस्सा ठेवला. मी जेवत असताना त्यानं सगळं सांगितलं.

तापीमाई ही गोकुळशेठच्या जरीच्या पेढीची छाप. खेड्यापाड्यातलं गिऱ्हाईक दुकानाचं नाव वाचत नाही, छाप बघून लुगडं घेतं. म्हणून छाप ही पेढीची अब्रू. तिचा लाकडी ठप्पा (ठसा) लोधीपुऱ्यातल्या आनंदा मिस्त्रीनं कोरला होता, तरुणपणी. त्या ठप्प्यानं पेढी वर आली. मग एकदा मुंबईहून आलेल्या कुण्या व्यापाऱ्यानं सांगितलं की तापीमाईचं चित्र आपण एका परदेशी फटफटीच्या जाहिरातीवर पाहिलं. झालं. मिस्त्रीनं दुसरा ठप्पा कोरून गोऱ्याला विकला, असं गोकुळशेठच्या वडिलांनी ठरवलं. त्या दिवसापासून कुठल्याही पेढीनं त्याला काम दिलं नाही. गाव त्याला नावानं हाक मारेना, बिकाऊ, म्हणजे विकला गेलेला, म्हणू लागलं.

"इथला रिवाज सांगतो," हॉटेलवाला म्हणाला. "खांडेनवमीले पेढीवर ठप्प्याची पूजा होते. तेव्हा ठप्पा कोरणाऱ्याले पहिला मान. नारळ तोच फोडतो. आनंदा मिस्त्रीले तेव्हापासून कोणी बोलावलं नाही. आजपर्यंत निदान आपल्यासारखे चार लोक म्हणायचे, खरं-खोटं कोणी पाह्यलं? आता तुम्ही गाडीच आणून उभी केली."

मांडा अर्धाच टाकून मी हात धुतला. मी हौसेनं दौडत आलो होतो आणि एका म्हाताऱ्याच्या अंगावर गाडी घातली होती. ती रात्र राजघाटाजवळच्या धर्मशाळेत काढली. सकाळी नदीवर आंघोळ करून आलो तर ओट्यावर एक बाई उभी होती. चाळिशीची, डोक्यावर पदर, हात कामानं राठ झालेले.

"मास्टरजी तुम्हीच का? मी शेवंता. आनंदा मिस्त्रीची मुलगी. ती गाडी चौकातून हटवा. हात जोडते. बाबा कालपासून जेवले नाहीत."

साखळी सांधायला दिली होती, गाडी ढकलतच न्यावी लागली असती. मी तिला म्हणालो, गाडी हलवतोच, पण मला आधी तुमच्या वडिलांना भेटू द्या. तिनं मला नखशिखांत पाहिलं. मी पिशवीतून जाहिरातीची गुंडाळी काढली तशी तिनं मान वळवली, पण "चला" म्हणाली.

लोधीपुऱ्यात एका खोलीच्या दाराशी म्हातारा बसला होता. पायात लाकूड दाबून धरलेलं आणि हातात पटाशी. आयुष्यभर ज्यानं वेलबुट्ट्या कोरल्या तो आता पोळपाट-लाटणी करत होता. मी जाहिरात त्याच्यापुढे उलगडली. त्यानं आधी ती लांब धरली, मग जवळ घेतली. 

"हे माझंच काम हाये," शेवटी म्हणाला. "घागरीचा हा कान पाह्यला? तेथं लाकडाची गाठ होती, म्हणून मी तो तिरपा घेतला. पण बाई उलटी हाये."

"मीही तेच म्हणतो. मला वाटलं, गोऱ्या चित्रकाराला लुगड्यातलं काय कळतंय."

"त्याले सगळं कळत होतं. त्यानं जसं दिसलं तसंच काढलं." म्हाताऱ्यानं पोळपाट बाजूला ठेवला. "ठप्पा आम्ही उलटाच कोरतो, म्हणजे छाप सीधी येते. मी ठप्पा विकला असता तर तो छापूनच वापरला असता ना त्यानं? बाई सीधी आली असती. ह्यानं ठप्पा समोर ठेवून चित्र काढलं. कोणी ठेवू दिला त्याले समोर? मी नाही ठेवला."

"आणि हे पाच ठिपके?"

"हे मी नाही कोरले. काय हाये ते, मले नाही मालूम."

शेवंता मागून वाकून पाहत होती. "बाबा, कुंकवाची बोटं वाटतात," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा पोळपाट घेतला. मी त्याला म्हणालो, माझ्याबरोबर शेठजींकडे चला. तो म्हणाला, "त्या दाराशी मी बिनबोलावता जात नाही." त्यात राग नव्हता. जवळच्या विहिरीचं पाणी खारट आहे हे सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. मला मात्र गलबलून आलं.

मग मी एकटाच गेलो. गोकुळशेठ पन्नाशीचे, गोरटेले, बोलायला गोड. खाली पेढी, वर घर. पांढऱ्या गादीवर बसवून त्यांनी दराबा (रवा, तूप आणि साखर हलकी होईपर्यंत घोटून केलेली मिठाई) आणि चहा मागवला.

"बसा मास्टरजी. पाहुणे आहात. पण तो कागद पहिले गुंडाळा. आमच्या वडिलांना त्या गोष्टीचा शेवटपर्यंत त्रास झाला."

मी कागद गुंडाळला नाही. मी मास्तर माणूस, एकदा समजावायला लागलो की समोरचा कंटाळला तरी थांबत नाही. उलट-सुलट सगळं फोड करून सांगितलं. शेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "चित्र ठप्पा पाहून काढलं. पण तो ठप्पा मिस्त्रीनं कोरलेला दुसरा नसेल कशावरून? आमचा ठप्पा तर तिजोरीत असतो."

 मी दराब्याचा आणखी एक घास घेतला आणि पुन्हा जाहिरातीकडे पाहू लागलो. तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला.

"भाऊजी, तो कागद मला दाखवा."

या शेठजींच्या थोरल्या भावजय. घरातले सगळे त्यांना मोठ्या भाभी म्हणत. पांढरं लुगडं, रिकामं कपाळ, वय साठीकडे झुकलेलं. माझ्यासारख्या परक्या माणसासमोर त्या बाहेर आल्या यानंच शेठजी चपापले. भाभींनी जाहिरातीवर हात फिरवला आणि ठिपक्यांपाशी थांबवला.

"या गाडीचं नाव काय आहे म्हणाले?"

"नवमी," मी म्हणालो. "रामनवमीवरून असेल."

"रामनवमीला आमचा ठप्पा बाहेर निघत नाही. तो निघतो खांडेनवमीला." मग त्या दिराकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही तेव्हा लहान होते. मी नवी नवी आली होती या घरात. पहिल्याच खांडेनवमीला सासऱ्यांनी मला सांगितलं, बहू, ठप्प्याला बोटं तू लाव. त्या दिवशी घरी एक गोरा पाहुणा होता. किल्ला बघायला आलेला. मिस्त्री नारळ फोडून गेल्यावर सासऱ्यांनी त्याला कौतुकानं पूजेला बसवलं. मी घुंगटात होती, मी फक्त ठप्पा पाह्यला आणि माझा हात पाह्यला."

शेठजींचा चहाचा कप हातातच राहिला. "त्याच्याजवळ वही होती," ते हळूच म्हणाले. "मला आठवतं. आज कोणता दिवस आहे, असं त्यानं विचारलं. बापूजींनीच सांगितलं त्याला, नवमी. त्यानं चित्राच्या खाली लिहून घेतलं. त्याला मांडे वाढले होते, मला त्याची गंमत वाटली होती, तो काट्यानं खात होता." मग त्यांनी कप खाली ठेवला. "पण भाभी, इतक्या वर्षांपूर्वीचं. ती बोटं तुमचीच, हे कोण मानेल?"

भाभींनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरापासून खाली वळलेलं होतं. लहानपणी सरकी काढायच्या चरकीत सापडलेलं. मी जाहिरातीकडे पाहिलं. चार ठिपके कमानीत होते आणि एक त्या कमानीतून खाली घसरलेला. वर्षभर मी पोरांना ते तारे म्हणून शिकवत होतो!

"गाडीवरचं चित्र ठप्प्याएवढंच आहे ना?" भाभींनी विचारलं. "चला. मी तिथे बोटं ठेवून दाखवते."

"चौकात?" शेठजी उठून उभे राहिले. "भाभी, गाडी इथे आणवतो मी. तुम्ही चौकात नका जाऊ."

"त्याला बिकाऊ कुठे म्हणतात, भाऊजी? घरात, की चौकात?"

 शेठजींनी टोपी घातली आणि भाभींच्या पुढे न चालता त्यांच्याबरोबर चालू लागले. ते मला फार आवडलं.

अष्टमीची दुपार. इतवाऱ्यात सणाचा बाजार भरलेला, झेंडूचे ढीग लागलेले. गोकुळशेठच्या घरची विधवा भावजय भर बाजारातून चालत येते आहे हे पाहून लोक आपोआप बाजूला होत होते. भाभी गाडीपाशी आल्या. कुंकू त्यांनी मागितलं नाही. कोरडीच पाच बोटं त्यांनी एकदम टाकीवर टेकवली. पाचही ठिपके झाकले गेले. वाकडं बोट वाकड्याच जागी बसलं. त्यांनी हात उचलला, पुन्हा टेकवला, सगळ्यांना दिसेल असा.  हॉटेलवाल्यानं भट्टीवरचं दूध उतू जाऊ दिलं.

"ठप्प्याचं चित्र आमच्याच घरातून गेलं," गोकुळशेठ मोठ्यानं म्हणाले.  "आमच्याच पाहुण्यानं नेलं. आनंदा मिस्त्रीचा काही दोष नाही." मग तिथूनच ते लोधीपुऱ्याच्या वाटेला लागले, पायी. मी मागे, माझ्यामागे अर्धा बाजार. वाटेत त्यांनी एका दुकानातून नारळ घेतला.

म्हातारा कामच करत होता. शेठजी दारात उभे राहिले तरी त्यानं पटाशी थांबवली नाही. "बसा. एवढी कड झाली की बोलतो," म्हणाला. शेवंतानं चटई टाकली. जरीच्या पेढीचा मालक लाकडाच्या भुशात बसला आणि कड पूर्ण होईपर्यंत थांबला. मग त्यांनी नारळ आणि अक्षता पुढे ठेवल्या.

"चूक आमच्या घरची होती, मिस्त्री. उद्या पूजेला या. नारळ तुम्हीच फोडायचा."

"चूक कसली," म्हातारा म्हणाला. "पाव्हण्याले घरातली चांगली चीज दाखवतातच. मीही दाखवली असती." इथे तो थांबला, आणि इतका वेळ दाबून धरलेलं वर आलं. "पण तुमच्या बापानं मले एकदा विचाराले पाहिजे होतं! एकदा! मी त्याच गावात राहत होतो. रोज त्याच रस्त्यानं जात होतो!"

शेठजींनी मान खाली घातली. "खरं आहे," एवढंच ते म्हणाले. दुसरं काही म्हणाले असते तर कदाचित सगळं बिनसलं असतं. म्हाताऱ्यानं नारळ उचलून शेवंताच्या हातात दिला. "उद्या आठवणीनं दे," तो म्हणाला.

नवमीला पेढीवर मी पाहुणा म्हणून हजर होतो. चौरंगावर तराजू, गज, कात्र्या, जरीच्या फिरक्या मांडलेल्या, आणि मध्यभागी तो ठप्पा. शाईनं काळाभोर झालेला, कडा झिजलेल्या. आनंदा मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून आला. लोकांनी त्याला वाट करून दिली. मला वाटलं, आता याचे डोळे भरून येतील. माझे तर आधीच आले होते. पण तो ठप्प्यावर वाकला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नथ भरली हाये. शाई कोणी साफ नाही करत काय? सूर्याचे दोन किरण तर गेलेच." त्याचा हात सवयीनं कमरेला पटाशी शोधू लागला.

"आज हत्यार नाही उचलत, मिस्त्री," शेठजी घाईनं म्हणाले. "पूजेचा दिवस."

"मालूम हाये मले." म्हाताऱ्यानं नारळ घेतला, एका फटक्यात फोडला आणि पाणी ठप्प्यासमोर ओतलं. "उद्या येतो."

उद्या येतो! इतकी वर्षं ज्या माणसाला त्या उंबऱ्यावर काल नव्हता आणि आज नव्हता, त्यानं हे शब्द किती सहज म्हटले. पडद्याआडून भाभींच्या बांगडी नसलेल्या हातानं प्रसादाचं ताट पुढे आलं. पहिला द्रोण मिस्त्रीला, हे कुणी सांगावं लागलं नाही. शेवंता दाराशी उभी होती, तिनं तोंड पदरात लपवलं.

दसऱ्याच्या सकाळी मी निघालो. साखळी सांधून झाली होती. सांधणाऱ्यानं "आमच्या तापीमाईची गाडी हाये" म्हणून मजुरीचा विषयच काढू दिला नाही. निरोप घ्यायला इतवाऱ्यात वळलो तर पेढीच्या ओट्यावर, भर रस्त्याच्या कडेला, आनंदा मिस्त्री मांडी घालून बसलेला. आतल्या खोलीत बस म्हटलं तर ऐकेना, असं शेठजी सांगत होते. मांडीवर ठप्पा होता. येणारा-जाणारा थांबत होता. "मिस्त्री, रामराम!" असं मुद्दाम मोठ्यानं म्हणत होता, आणि म्हातारा वर न पाहता "रामराम" म्हणून काम करत होता.

मी जाहिरात त्याला द्यायला काढली. म्हटलं, ही तुमचीच, ठेवून घ्या.

"घेऊन जा. उलटी बाई काय कामाची?"

मला त्याला खूप काही सांगायचं होतं. मी पुढे वाकलो, शब्द जुळवू लागलो. तोच तो म्हणाला, "मास्टरजी, उजेड सोडा."

मी बाजूला झालो.

परतीची वाट मला सोपी गेली, की मनच हलकं होतं, कोण जाणे. इच्छापूरला या वेळी गाडी गार होऊ दिली आणि पायऱ्या चढून देवीचं दर्शन घेतलं. वर उभा राहून मागे पाहिलं तर तापीकाठची केळीची रानं उन्हात चकाकत होती. एका साहेबाला तिकडे मांडे मिळाले, चित्र मिळालं आणि गाडीला नावही मिळालं. हे कुणाच्या भाकरीवर बेतलं, याचा त्याला कधी पत्ता लागला नसेल. त्याचा मला राग येत नाही असं नाही. पण त्यानं ते ठिपके इमानानं काढले होते. एखाद्या हुशार चित्रकारानं ते डाग समजून वगळले असते, तर मिस्त्रीला सोडवायला जगात काही उरलं नसतं. एवढ्यासाठी त्याचेही आभार मानतो. भाभींचे मात्र कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. मी बुऱ्हाणपूरला एका चित्राचा उगम शोधायला गेलो होतो. तिथल्या लोकांनी बैल दिले, जेवू घातलं, आणि आपल्या घरातला अन्याय परक्या माणसासमोर उघडा करून निस्तरला. इतका विश्वास कुणी माझ्यावर टाकेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा मालतीनं दारातच आपट्याची पानं हातावर ठेवली. हातपाय धुऊन जेवायला बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं मध्येच भाकरी टाकायची थांबवली.

"आणि तो म्हातारा? त्याला आनंद झाला की नाही?"

"कोण जाणे," मी म्हणालो. "रडला नाही, हसला नाही. मी निरोप घ्यायला गेलो तर म्हणाला, उजेड सोडा, कामाला दिसत नाही."

मालती हसू लागली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि भाकरी तव्यावर टाकली.

"मग झाला," ती म्हणाली.